बोटींतलं मैलापाणी आणि मरीना : नुसती मनाई पुरते का? (नियमावलीच्या मसुद्यावर चर्चा)

सुकाणूधर

मंडळी, शंभर-सव्वाशे बोटींच्या मरीनासाठी (बोटी बांधून ठेवायच्या आडोशाच्या बंदरासाठी) मैलापाण्याची नियमावली लिहायची झाली तर तिच्यात नेमकं काय हवं, यासाठी हा धागा. बहुतेक नियमावल्यांत एकच ओळ सापडते: "मरीनाच्या हद्दीत शौचालयाचे पाणी सोडण्यास मनाई आहे, उल्लंघन केल्यास दंड." एवढ्यावर काम भागतं असं मला वाटत नाही. टाकी भरलेल्या बोटीला ती रिकामी करायला जागाच नसेल, तर रात्री ते पाणी कुठे जाणार हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही.

तीन गोष्टींवर मतं हवी आहेत. आंतरराष्ट्रीय नियम लहान बोटींना कुठवर लागू होतात? बोटीवरची नळजोडणी नियमाला पूरक कशी करायची? आणि धक्क्यावरची उपसा-यंत्रणा (पंप-आउट) चालू राहील याची हमी नियमातच कशी घालायची? कृपया आकडे आणि कारणं द्या.

नांगरदोर

पहिल्या प्रश्नाबद्दल. जहाजांच्या मैलापाण्याचा नियम मार्पोल कराराच्या (जहाजांपासून होणारं सागरी प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार) चौथ्या परिशिष्टात आहे. तो २७ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि सुधारित रूप १ ऑगस्ट २००५ पासून लागू झालं. ढोबळ आशय असा:

- दळलेलं आणि निर्जंतुक केलेलं मैलापाणी जवळच्या किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडेच सोडायचं.
- काहीही प्रक्रिया न केलेलं १२ सागरी मैलांपलीकडे. तेही टाकी एकदम मोकळी करून चालत नाही; जहाज किमान ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल) वेगाने चालतं असावं आणि पाणी बेताच्या गतीने सोडावं.
- मान्यताप्राप्त शुद्धीकरण संयंत्र चालू असेल तर अंतराची अट नाही, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरंगता मैला दिसता कामा नये आणि आजूबाजूच्या पाण्याचा रंग बदलता कामा नये.

आता खरी मेख. हे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ४०० सकल टन व त्यावरच्या, किंवा त्याहून लहान पण १५ पेक्षा जास्त माणसं नेण्याचा परवाना असलेल्या जहाजांना लागू आहे. मरीनातल्या दहा-बारा मीटरच्या बोटी या चाळणीतून सरळ खाली पडतात. त्यामुळे "मार्पोलनुसार" असं नियमावलीत लिहून मोकळं होता येत नाही. त्या बोटींसाठी देशाचा कायदा किंवा मरीनाचा करारच लागतो.

"बेताची गती" म्हणजे किती, याचंही सूत्र आहे: ०.००९२६ गुणिले वेग (नॉट) गुणिले डुबाव, म्हणजे जहाजाचा पाण्याखालचा भाग किती खोल ते (मीटर) गुणिले रुंदी (मीटर), उत्तर ताशी घनमीटरमध्ये. २० मीटर रुंद, ६ मीटर डुबावाचं जहाज ८ नॉटने चाललं असेल तर ताशी साधारण ८.९ घनमीटर. जहाज जेवढं पाणी कापत जातं त्याच्या दोन लाखाव्या भागापेक्षा जास्त सोडायचं नाही, असा त्यामागचा हिशेब. थांबलेल्या बोटीचा वेग शून्य, म्हणून उत्तरही शून्य. धक्क्याला बांधलेल्या बोटीने का सोडू नये याचं कारण त्या सूत्रातच आहे.

खाजणकाठ

> थांबलेल्या बोटीचा वेग शून्य, म्हणून उत्तरही शून्य.

हे फार नेमकं. तरी "शहराच्या गटारांपुढे चार बोटींचं काय" हा मुद्दा प्रत्येक बैठकीत निघतो, म्हणून आकड्यांत मांडतो.

एका माणसाच्या दिवसभराच्या विष्ठेत विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या हिशेबासाठी २ अब्ज धरतात. कालवं-शिंपल्यांच्या पाण्यासाठी अमेरिकेतली मर्यादा १०० मिलिलिटरला १४, म्हणजे घनमीटरला १,४०,०००. भागाकार केला तर एका माणसाच्या एका दिवसासाठी सुमारे १४,३०० घनमीटर स्वच्छ पाणी लागतं. ते किती? १०० मीटर लांब, ७० मीटर रुंद आणि २ मीटर खोल कुंड. माणूस एक, दिवस एक.

मरीना लाटांपासून आडोसा देण्यासाठी बांधलेली असते. तोंड एकच आणि अरुंद, कोपरे काटकोनी. भरतीचं पाणी तोंडाजवळ आत-बाहेर करतं आणि आतल्या कोपऱ्यातलं पाणी तिथेच फिरत राहतं. नदीच्या किंवा उघड्या किनाऱ्याच्या मिसळणीचे आकडे इथे लावले की हिशेब चुकतो.

दुसरं, कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात विरळ असलेले विषाणू त्यांच्या अंगात साठतात. नोरोव्हायरससारखे (उलट्या-जुलाब करणारे) विषाणू क्लोरीनला जिवाणूंइतकी दाद देत नाहीत. त्यामुळे कोलिफॉर्मचा अहवाल स्वच्छ आला तरी कालवं सुरक्षित आहेत असं म्हणता येत नाही.

नळदुरुस्त

आता बोटीच्या आतलं. नियम कितीही चांगला असो, नळजोडणी चुकीची असेल तर मालकाच्या नकळत पाणी बाहेर जातं.

टाकीचं माप आधी. माणसं × दिवसातून ५ वेळा × दर वेळचं पाणी. हातपंपाच्या समुद्री शौचालयाला २ ते ४ लिटर, व्हॅक्यूम पद्धतीला अर्धा ते एक लिटर. ४ माणसं आणि २ लिटर धरले तर दिवसाला ४० लिटर, दोन दिवसांना ८०. उपसानळी तळापर्यंत पोचत नाही आणि वर थोडी मोकळी जागा लागते, म्हणून टाकीचा ८५ टक्केच भाग वापरात धरा. म्हणजे ९५ लिटरची टाकी. यापेक्षा लहान टाकी बसवली की ती शनिवारी रात्री भरते आणि मालक वाय-व्हॉल्व्ह (मैला टाकीत जाणार की समुद्रात हे ठरवणारा व्हॉल्व्ह) फिरवतो. लहान टाकी हेच उल्लंघनाचं पहिलं कारण आहे, म्हणून मसुद्यात माप हवं.

जोडणीचा क्रम असा: शौचालय, ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा सॅनिटेशन होज, टाकी, टाकीतून एक नळी डेकवरच्या फिटिंगला, दुसरी (असेल तर) मॅसरेटर (मैला दळणाऱ्या) पंपातून बुडाच्या सीकॉककडे, म्हणजे समुद्रात उघडणाऱ्या व्हॉल्व्हकडे. समुद्रात सोडणारी नळी पाणरेषेच्या बरीच वर नेऊन तिथे व्हेंटेड लूप (माथ्यावर हवा घेणारं उलट्या यू-आकाराचं वळण) हवा. तो नसेल तर सायफन लागून समुद्राचं पाणी उलटं आत येतं. बोट एका बाजूला कलल्यावरही लूप पाण्याच्या वर राहिला पाहिजे, हे बसवताना विसरतात.

व्हेंटबद्दल जरा विस्ताराने, कारण निम्मी गाऱ्हाणी तिथून येतात. टाकीची श्वासनळी १९ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, २५ घेतली तर उत्तम. ती सतत वर चढत जावी. मध्ये खोलगट वळण राहिलं की पाणी साचतं आणि वाट बंद होते. वास थांबवायला कोळशाचा फिल्टर लावतात. टाकी काठोकाठ भरली की मैला त्या फिल्टरमध्ये शिरतो, तो भिजून बसतो आणि हवा जाणं-येणं थांबतं. मग दोन गोष्टी होतात. आत हवा नाही म्हणून ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू वाढतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि वास आणखी वाढतो. आणि धक्क्यावरचा पंप लावला की टाकी आत चेपते. ०.३ बार इतकं निर्वात तयार झालं तरी एक चौरस मीटरच्या बाजूवर सुमारे ३ टनांचा भार येतो. प्लास्टिकची सपाट टाकी तो झेलू शकत नाही.

हायड्रोजन सल्फाइडला हलकं घेऊ नका. थोड्या प्रमाणात सडक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून टाकीच्या कप्प्यात डोकं घालू नये.

सुकाणूधर

धन्यवाद, हे फार उपयोगाचं. एक शंका: टाकी रिकामी केली तरी केबिनमध्ये वास राहतो अशी तक्रार सर्रास असते. ती टाकीची की होजची?

नळदुरुस्त

बहुधा होजची. रबर किंवा साधं पीव्हीसी काही वर्षांत वास झिरपू देतं. तपासणी सोपी: फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, होजवर गुंडाळा, गार होऊ द्या आणि फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास आला तर होज बदला, दुसरा उपाय नाही. होजचा जो भाग खाली झोळ घेतो तिथे मैला साचून राहतो, तोच आधी झिरपतो.

होज आतून बारीक होण्याचं कारण वेगळं. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि लघवी मिळून करड्या दगडासारखा थर धरतो. ३८ मिलिमीटरचा होज २० वर येतो. दर वेळी होजच्या लांबीइतकं पाणी पुढे ढकलेपर्यंत पंप मारला तर थर सावकाश धरतो. महिन्यातून एकदा व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल रात्रभर ठेवावं. मात्र आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू सुटतो. बंद केबिनमध्ये तो जीवघेणा ठरतो. शौचालयाचा जोकर व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी रबरी झडप) वर्षाला एक बदलावा. तो वाकडा झाला की होजमधलं पाणी भांड्यात परत येतं आणि लोक टाकीला दोष देतात.

बंदरवाट

सील करण्याच्या पद्धतीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

अमेरिकेत स्वच्छ जल कायद्याच्या ३१२ व्या कलमाखाली काही पाणथळी विसर्गबंदी क्षेत्रं म्हणून जाहीर होतात. तिथे प्रक्रिया केलेलं पाणीही सोडता येत नाही. अशा क्षेत्रात शिरताना शौचालयाची बाहेर जाणारी वाट कशी बंद करायची, तेही तिथल्या नियमात शब्दशः दिलं आहे: व्हॉल्व्ह बंद करून दांडा काढून ठेवणं, बंद स्थितीत कुलूप लावणं, किंवा पुन्हा न उघडणाऱ्या तारेने बांधणं. प्रक्रिया-यंत्र असलेल्या बोटीला शौचालयाच्या दाराला कुलूप हाही पर्याय आहे. "व्हॉल्व्ह बंद ठेवावा" एवढंच लिहिलं तर तपासणीला आलेल्या माणसाला काय पाहायचं ते कळत नाही. दांडा जागेवर आहे की नाही हे मात्र एका नजरेत दिसतं.

युरोपीय संघाच्या २०१३ च्या मनोरंजन-बोट निर्देशात (२०१३/५३) हीच गोष्ट बांधणीच्या टप्प्यावर आणली आहे: शौचालय फक्त साठवण टाकीला किंवा प्रक्रिया-यंत्रणेला जोडलेलं असावं, टाकीला प्रमाणित उपसा-जोड असावा आणि बुडातून जाणाऱ्या मैलानळीचा व्हॉल्व्ह बंद स्थितीत पक्का करता यावा.

माझं मत: सील वाय-व्हॉल्व्हला न लावता बुडाच्या सीकॉकला लावावं. वाय-व्हॉल्व्हच्या आतला गाळा झिजतो. दांडा "टाकी" दाखवतो आणि थोडं पाणी बाहेर जात राहतं. सीकॉक बंद असेल तर आत काय झिजलं याने फरक पडत नाही.

जलपरीक्षक

झिजलेला व्हॉल्व्ह पकडायचा असेल तर रंगाची गोळी. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कातालिना बेटावरच्या अॅव्हलॉन बंदरात मुक्कामाला येणाऱ्या बोटीच्या शौचालयात बंदराचे कर्मचारी फ्लुरोसीनची गोळी टाकून फ्लश करतात. कुठूनही गळती असली तर बोटीभोवती चमकदार हिरवा डाग उठतो. गोळी स्वस्त, वाद शून्य.

पण त्याच अॅव्हलॉनची दुसरी बाजू लक्षात ठेवा. इतकी कडक तपासणी असूनही तिथल्या किनाऱ्यावर जिवाणू मर्यादेपेक्षा जास्त सापडत राहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टप्प्याटप्प्याने मागोवा घेतला, तेव्हा मानवी मैल्याचा माग किनाऱ्यालगतच्या फुटक्या मलवाहिन्यांकडे गेला. म्हणून मरीनाच्या पाण्याचे नमुने घेताना बोटींच्या रांगेत एक, तोंडाशी एक, आणि पावसाळी गटार किंवा किनाऱ्याची मलवाहिनी जिथे येते तिथे एक, असे किमान तीन ठिकाणी घ्या. ओहोटीच्या शेवटी आणि पाऊस पडून गेल्यावर वेगवेगळे. नाहीतर दोष बोटींचा नसताना दंड बोटींना, किंवा उलट.

समुद्राच्या पाण्यात कोलिफॉर्मपेक्षा एन्टेरोकोकाय (आतड्यातले जिवाणू) हा निर्देशक बरा, कारण तो खाऱ्या पाण्यात जास्त टिकतो.

यंत्रघर

प्रक्रिया-यंत्राचा पर्याय कुणी काढला नाही. विजेच्या साहाय्याने खाऱ्या पाण्यातूनच हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं जंतुनाशक) बनवून दळलेला मैला निर्जंतुक करणारं छोटं यंत्र मिळतं. टाकीही नको, उपसाही नको. अशा यंत्रांना मरीनात परवानगी का देऊ नये?

खाजणकाठ

@यंत्रघर, त्या यंत्राचं काम जिवाणू मारण्यापुरतं. अमेरिकी वर्गीकरणात पहिल्या प्रकाराची मर्यादा १०० मिलिलिटरला १००० कोलिफॉर्म, तोही १९.८ मीटरपर्यंतच्या बोटींनाच चालतो. दुसऱ्या प्रकाराची २०० आणि निलंबित घनपदार्थ १५० मिलिग्रॅम प्रतिलिटर. शिंपल्यांच्या पाण्याची मर्यादा १४ आहे, त्याच्याशी ताडून पाहा. शिवाय नायट्रोजन, फॉस्फरस जसेच्या तसे पाण्यात उतरतात. बंदिस्त कुंडात शेवाळ फोफावायला तेवढं पुरतं.

आणखी एक व्यवहाराची अडचण: यंत्राला पुरेसं क्षारयुक्त पाणी लागतं. नदीमुखाशी पावसाळ्यात पाणी गोडं होतं तेव्हा मीठ वेगळं घालावं लागतं. ते घातलं नाही तरी मोटर फिरते, दिवा लागतो, आणि बाहेर जाणारा मैला जवळजवळ तसाच असतो.

पोषकद्रव्यांचा प्रश्न किती मोठा आहे ते बाल्टिक समुद्रावरून कळतं. मार्पोलखाली तो प्रवासी जहाजांसाठी विशेष क्षेत्र आहे. नव्या जहाजांना १ जून २०१९ पासून आणि बहुतेक जुन्यांना १ जून २०२१ पासून, मैलापाणी किनाऱ्यावर द्या नाहीतर नायट्रोजन-फॉस्फरस काढणारं संयंत्र बसवा, असा नियम लागला. स्वीडनने आपल्या हद्दीत जवळपास सर्व मनोरंजन-बोटींना १ एप्रिल २०१५ पासून मैला सोडायला मनाई केली आहे.

यंत्रघर

पटलं. खुल्या समुद्रात जाणाऱ्या बोटीसाठी यंत्र, मरीनात सील. दोन्ही बोटीवर असू शकतात.

धक्केकरी

आता माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग: धक्क्यावरची उपसा-यंत्रणा. अमेरिकेत एखाद्या राज्याला विसर्गबंदी क्षेत्र हवं असेल तर त्या भागात उपसा आणि प्रक्रियेची पुरेशी सोय खरोखर उपलब्ध आहे, हे आधी ठरावं लागतं. आधी सोय, मग मनाई. प्युजेट साउंडमध्ये (वॉशिंग्टन राज्यातली मोठी खाडी) १० मे २०१८ पासून बंदी लागली तेव्हाही टग (ओढनौका) आणि मासेमारीसारख्या काही व्यावसायिक बोटींना टाकी बसवायला ५ वर्षांची मुदत दिली होती. मसुद्याचा कणा हाच असावा.

किती केंद्रं? अमेरिकेच्या १९९२ च्या स्वच्छ नौका कायद्याच्या मार्गदर्शक सूचनांत ४.९ मीटरपेक्षा (१६ फूट) लांब ३०० ते ६०० बोटींमागे एक केंद्र असं माप आहे. शंभर-सव्वाशे बोटींना एक पुरेल, पण ते इंधन भरायच्या धक्क्यापाशी ठेवा. जिथे बोट येणारच आहे तिथे टाकी रिकामी होते. आतल्या कोपऱ्यात ठेवलेला पंप गंजतो.

पंपाची निवड. पेरिस्टाल्टिक (रबरी नळी दाबत दाबत माल पुढे ढकलणाऱ्या) पंपात मैला फक्त रबरी नळीला लागतो, चिंध्या-केस अडकत नाहीत, कोरडा फिरला तरी चालतो. नळी मात्र ठरावीक काळाने बदलावी लागते. डायफ्रॅम (हलत्या रबरी पडद्याचा) पंप स्वस्त, पण त्याच्या व्हॉल्व्हमध्ये एक ओला पुसणा अडकला की ओढणं बंद. ओढ-उंचीचं भान ठेवा: तत्त्वतः १०.३ मीटर, प्रत्यक्षात ६-७ मीटर. ओहोटीला बोट खाली गेलेली, पंप वरच्या पक्क्या धक्क्यावर आणि होज ४० मीटर लांब असेल तर पंप चांगला असूनही ओढणार नाही. तरंगत्या धक्क्यावर पंप ठेवला की हा प्रश्न निम्मा सुटतो.

उपसण्याचा क्रम फलकावर चित्रांसह असावा:

१. डेकवरचं झाकण वाचा. डिझेल, पिण्याचं पाणी आणि मैला अशी तीन झाकणं शेजारी असतात. चुकीच्या झाकणात नळी घातल्याचे परिणाम भयंकर आहेत.
२. व्हेंट मोकळा आहे का पाहा. शंका असेल तर शौचालयाचा झडप-पेडल दाबून हवेला वाट ठेवा.
३. नळीचं टोक घट्ट बसवा, आधी पंप चालू करा, मग टोकावरचा व्हॉल्व्ह उघडा.
४. काचेच्या नळीत हवा दिसू लागली की १०-२० लिटर पाणी टाकीत सोडून पुन्हा ओढा. तळाचा गाळ या दुसऱ्या फेरीतच निघतो.
५. आधी व्हॉल्व्ह बंद, मगच टोक उचला. बादलीभर स्वच्छ पाणी ओढून होज धुवा.

धक्क्यावर सांडलंच तर होजपाइपने पाण्यात ढकलू नका. त्याच टोकाने ओढून घ्या, उरलेलं शोषक भुकटीने टिपा, मग जंतुनाशक.

धुण्याच्या पाण्याची तोटी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीपासून हवेच्या अंतराने तोडलेली असावी किंवा तिला उलटा प्रवाह रोखणारा जोड असावा, आणि वर "पिण्यासाठी नाही" असा ठळक फलक. टाकीत बुडालेला होज आणि त्याच वेळी वाहिनीत कमी झालेला दाब, एवढ्याने मैला पिण्याच्या पाण्यात शिरतो.

आठवड्याची चाचणी: टोकाला झाकण लावा, पंप चालवा, निर्वात-मापकाचा काटा पाहून पंप बंद करा. काटा जागेवर राहिला तर ठीक. घसरला तर कुठला तरी जोड हवा खातो आहे.

लहान बोटींच्या सुट्या शौचालयांना (१०-२० लिटरचे डबे) हा पंप कामाचा नाही. त्यांना ओतायचं स्वतंत्र कुंड, धुवायची तोटी आणि झाकण हवं. ते नसेल तर डबा स्वच्छतागृहाच्या भांड्यात ओतला जातो किंवा अंधारात पाण्यात.

जलपरीक्षक

धक्केकरींना एक पुरवणी: उपसलेलं जातं कुठे? युरोपात माणशी दिवसाला ६० ग्रॅम बीओडी (मैला कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) धरतात. त्यातला निम्मा भाग शौचालयाचा मानला आणि तो १० लिटर पाण्यात आला तर प्रतिलिटर ३००० मिलिग्रॅम. घरगुती मैलापाणी २००-३०० च्या घरात असतं. म्हणजे दहापट घट्ट माल, तोही सुट्टीच्या संध्याकाळी एकदम. मरीनाची लहान सेप्टिक टाकी त्याने कोलमडते. मध्ये साठवण टाकी घेऊन रात्रभर थोडं थोडं सोडा किंवा टँकरने मोठ्या केंद्रात पाठवा.

समुद्राच्या पाण्याने फ्लश केलेल्या मैल्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. बंद वाहिनीत त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि काँक्रीट खातो. आणि फॉर्माल्डिहाइड असलेली वासनाशक रसायनं मरीनात बंदच करा, ती प्रक्रियेचे जिवाणू मारतात.

बंदरवाट

आणि पुरावा? मार्पोलमध्ये तेलाला नोंदवही आहे, कचऱ्याला आहे. चौथ्या परिशिष्टात मैल्याला तशी नोंदवही नाही. म्हणून "मी १२ मैलांवर सोडलं" हे ना खरं ठरवता येतं ना खोटं. तुर्कस्तानात यॉटसाठी "मावी कार्ट" म्हणजे निळं कार्ड आहे. मैला किनाऱ्यावर दिला की त्यावर नोंद होते. मरीनाने हेच साध्या वहीत करावं: तारीख, बोट, लिटर, सील क्रमांक. दोन माणसं आठवडाभर बोटीवर राहिली आणि वहीत एकही नोंद नाही, तर तपासणीचं कारण तिथेच मिळतं.

सुकाणूधर

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा आता असा:

(१) मरीना आणि तोंडापर्यंतच्या मार्गात प्रक्रिया केलेलं असो वा नसो, मैलापाणी सोडण्यास मनाई.
(२) बसवलेलं शौचालय असेल तर टाकी हवी. माप माणसं × २ दिवस × ५ वेळा × दर वेळचं पाणी या हिशेबाने, वापरात ८५ टक्के धरून.
(३) प्रवेश करताना सीकॉक बंद, दांडा काढलेला किंवा क्रमांकित तार-सील.
(४) रंगगोळीची चाचणी प्रवेशाच्या वेळी आणि नंतर केव्हाही.
(५) उपसा मरीनाकडून विनामूल्य, सकाळी ६ ते रात्री ९. यंत्र बंद पडल्यास ७२ तासांत दुरुस्ती. तोवर टँकर किंवा चाकांवरचा पंप. पर्याय दिला नाही तर त्या काळात कलम १ खाली दंड नाही.
(६) उपशाची नोंदवही, तीन ठिकाणचे पाण्याचे नमुने, दोन्हींचा अहवाल सूचनाफलकावर.

चुकलं असेल तर सांगा.

धक्केकरी

कलम ५ बदला. दंड माफ केला की यंत्र बंद पडण्याची वाट पाहणारे निघतील, आणि पाणी तितकंच घाण होईल. मनाई कायम ठेवा. त्याऐवजी पर्याय न दिल्याबद्दल मरीनाच्या व्यवस्थापनालाच दंड लावा. आणि ७२ तास फार झाले. तुमच्याच हिशेबाने टाकी दोन दिवसांची आहे, तर दुरुस्ती किंवा पर्याय २४ तासांत हवा. सुटे भाग (नळी, डायफ्रॅम, व्हॉल्व्हचे दोन संच, होजच्या टोकाचं रबर) जागेवर ठेवायची अट घाला, म्हणजे २४ तास जड जाणार नाहीत.

नळदुरुस्त

कलम ३ मध्ये एक शब्द वाढवा: दांडा काढलेला "आणि व्हॉल्व्ह फिरतो हे पाहिलेला". सीकॉक सहा महिने सील राहिला की मिठाने धरतो. समुद्रात गेल्यावर जोर लावून उघडायला जातात आणि सांधा तुटतो, मग बोटीत पाणी. दर महिन्याला मरीनाच्या माणसासमोर सील तोडून, टाकीकडची वाट बंद ठेवून, व्हॉल्व्ह दोन-तीनदा उघड-बंद करावा, ग्रीस लावावं आणि नव्या क्रमांकाचं सील लावून तो क्रमांक वहीत घ्यावा.

सुकाणूधर

दोन्ही बदल घेतले. कलम ५ मध्ये २४ तास आणि सुट्या भागांची यादी, कलम ३ मध्ये मासिक व्हॉल्व्ह-चाचणी. सुट्या शौचालयांच्या कुंडाचं कलम राहिलं होतं, ते ७ वं म्हणून जोडतो.